नांगर न लागलेला कोपरा

आमच्या कामाचा पहिला नियम असा की पेटीजवळ श्वास सोडायचा नाही. वारा जिकडे वाहत असेल त्या अंगाला बसायचं, म्हणजे आपला श्वास पेटीकडे न जाता पुढे निघून जातो. नोकरीला लागले तेव्हा सरांनी, म्हणजे आमच्या प्रकल्पाच्या प्रमुखांनी, हा नियम सांगितला आणि मला हसू आलं होतं. आता निवृत्त होऊन वर्ष झालं तरी भाजीवालीशी बोलताना माझं तोंड आपोआप बाजूला वळतं. नातेवाइकांना वाटतं, हिला गर्व चढलाय.

हे काम नेमकं काय, ते माझ्या सासरी शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. सासूबाई सांगायच्या, "सून माती मोजते." त्यामुळे मी तलाठी ऑफिसात आहे असा समज होऊन कितीतरी लोक सातबाऱ्याची कामं घेऊन घरी यायचे.

तर थोडक्यात सांगते. जमीन गप्प पडलेली दिसते, पण तिच्यातून सतत काहीतरी बाहेर येत असतं. मुळं, गांडुळं, डोळ्यांना न दिसणारे जीव, सगळे श्वास घेतात आणि त्यांचा कार्बन डायऑक्साइड वर येतो. युरिया टाकून पाऊस पडला की नायट्रस ऑक्साइड निघतो. पाणी साचून राहिलं की मिथेन. हे वायू वर जाऊन उष्णता धरून ठेवतात, आणि झाडंझुडपं त्यातला काही भाग परत ओढून घेतात. जमीन देते किती आणि घेते किती हे नीट कळलं, तर पृथ्वी का तापतेय आणि शेती कशी केली तर कमी तापेल, ते सांगता येतं. ते सांगायचं काम मोठी माणसं करतात. त्यासाठी शेतात जाऊन बसायला कुणीतरी लागतं, ती मी होते.

साधन अगदी साधं. पत्र्याचं एक रुंद कडं जमिनीत निम्मं दाबून बसवायचं आणि वर्षानुवर्षं हलवायचं नाही. कड्याच्या काठाला पन्हळ असते. तिच्यात पाणी ओतायचं आणि त्यात काचेसारख्या प्लास्टिकची पेटी उपडी ठेवायची, म्हणजे फटीतून हवा जात नाही. पेटीला रबरी बूच असतं. ठरलेल्या वेळाने त्यात सुई खुपसून सिरिंजने आतली हवा ओढायची, बाटलीत भरायची आणि बाटल्या शहरात प्रयोगशाळेत न्यायच्या. कुठला वायू किती वाढला ते तिथलं यंत्र सांगतं. दोन सिरिंजच्या मधल्या वेळात करायचं काय, तर काही नाही. बसायचं. माझी निम्मी नोकरी बसण्यात गेली आणि ते बसणं मी मन लावून केलं.

हातात सिरिंज आणि बाटल्यांचा खोका घेतलेली बाई गावात आली की लोकांचा एकच समज होतो. पाचोडकडच्या ज्या गावात मी काम करायचे तिथे पहिल्याच महिन्यात माझं नाव 'सुईवाल्या बाई' पडलं. एक म्हातारा गुडघा उघडा करून बांधावर येऊन बसला. मी म्हटलं, "बाबा, ही सुई माणसाची नाही, मातीची आहे."

तो म्हणाला, "असू द्या की. मातीला गुण येतो तर मला काहून येणार नाय?"

त्याची समजूत घालता घालता माझी एक बाटली चुकली. बाजाराच्या दिवशी पाचोडला चहाला थांबलो की कुणीतरी हटकून विचारायचं, तुमच्या डब्यानं बोअरचं पाणी कळतं का. एकाने गाभण शेळी आणली होती. तिचं काय मोजायचं होतं, ते मला आजही समजलेलं नाही.

उन्हाने पेटी आतून तापते आणि मापं बिघडतात, म्हणून मी शहरातल्या गुलमंडीवरून पांढरं मांजरपाट आणून पेट्यांना खोळी शिवल्या. एवढं पांढरं कापड फाडताना दुकानदाराने आवाज खाली करून विचारलं, "बाई, घर में कौन गुजर गया?" मी म्हटलं, कोणी नाही, डब्यांना पाहिजे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पुढच्या वेळी मी दुसरं दुकान गाठलं.

ज्या शेतात माझी सगळ्यात जास्त वर्षं गेली ते रंगनाथ आबांचं. काळी खोल जमीन, कापूस आणि तूर, शेजारी मोसंबीची बाग. आबा कमी बोलायचे. त्यांच्या घरधनीण गयाबाई, ज्यांना मी पुढे काकू म्हणायला लागले, त्या दोघांच्या वाटचं बोलायच्या. मुलगा दत्ता वाळूजच्या कंपनीत कामाला होता आणि सुट्टीला गावी यायचा.

आमच्या कामाला दोन जमिनी लागतात. एक कसलेली, आणि दुसरी तिच्या शेजारचीच, पण जिला कधी नांगर, खत, औषध काही लागलेलं नाही अशी. कसण्याने जमिनीचं काय झालं हे समजायला आधी ती मुळात कशी होती ते माहीत पाहिजे. ही दुसरी जमीन मिळणं महाकठीण. आमच्याकडे लोक बांधसुद्धा कोरून त्यात तूर टोकतात. सर आणि मी सगळा तालुका पालथा घातला होता. आबांच्या शेताच्या उगवतीच्या टोकाला एक पट्टा दिसला. त्यात एक बोरीचं झाड आणि गुडघाभर मारवेल गवत.

सरांनी विचारलं, "हा कधीपासून असा आहे?"

"माझ्या आज्ज्यानं बी इथं नांगर घातला नाय," आबा म्हणाले.

"खत?"

"नाय."

"युरिया?"

"नाय वो. इथं कायच करत नाय आम्ही. ढोरं बी सोडत नाय आत."

सरांचा चेहरा असा खुलला की आबाच जरा बिचकले. कडी बसवायची परवानगी मागितली तेव्हा ते बराच वेळ गवताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लई खांदणार नाय ना?" कडं किती आत जाईल ते मी वितीने दाखवलं. "मंग बसवा," म्हणाले.

त्याच दिवशी काकूंनी माझं आडनाव विचारलं. आमच्याकडे हा प्रश्न आडनावापुरता नसतो. मी सांगितलं. त्यांनी चहा कपबशीतच दिला, पण माझ्याबरोबर स्वतः घेतला नाही. पुढच्या एका हंगामात कधीतरी त्यांनी फडक्यातली भाकरी माझ्यासमोर सोडली आणि माझ्या डब्यातली वांग्याची भाजी मागून घेतली. कशामुळे ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यानंतर माझा डबा एकटीने खाल्ल्याचं मला आठवत नाही.

एका पावसाळ्यात आमच्यावर बालंट आलं. पेट्यांशिवाय आम्ही शेतात एक उंच खांब उभा केला होता. त्याच्या टोकावरचं यंत्र वाऱ्याच्या झुळका आणि त्यातला वायू टिपायचं. त्या वर्षी ढग यायचे आणि कोरडेच निघून जायचे. गावात कुणीतरी उठवलं की हा खांब पाऊस पळवतो. एके सकाळी पंधरा-वीस माणसं पहारी घेऊन शेतात आली. मी शास्त्र सांगायला लागले तर कुणी ऐकेना. सरांनी पोलिसांना बोलवायचं ठरवलं होतं. तेवढ्यात काकू खुरपं हातात घेऊन मध्ये उभ्या राहिल्या.

"डोसकी फिरली का तुमची?" त्या म्हणाल्या. "ही बाई शहरातून पाण्याचा क्यान आणती आन् त्या कड्यायला घोटघोट पाजती. पाऊस पळवणारी असती तर तिला क्यान उचलायची हौस हाय व्हय?"

या युक्तिवादात शास्त्र अजिबात नव्हतं. माणसं मात्र परत गेली.

पट्ट्यातल्या कड्यांवर पेटी ठेवली की काकू हातातलं काम टाकून यायच्या. कापसातही आमची कडी होती, तिथे कधी यायच्या नाहीत. बोरीची सावली आहे म्हणून इथे येतात, असं मी धरून चालले होते. श्वासाचा नियम मी त्यांना एकदाच सांगितला. तेव्हापासून त्या तोंडाला पदर लावून बसायच्या.

"म्याडम, आज कसं हाय?"

"ऊन फार आहे, काकू. माती वाळलीय. कमी सोडतेय."

"आन् पाणी पडल्यावर?"

"वाढेल."

"मंग बरं," म्हणून त्या उठायच्या. मागच्या खेपेची बाटली काय म्हणाली, हेही आठवणीने विचारायच्या. मला याचं केवढं अप्रूप! घरच्यांनी कधी विचारलं नाही, कचेरीत तर आकडे यायला उशीर झाला तरच विचारायचे. निदान एका माणसाला माझ्या मापांत रस आहे, याचा मला आनंद व्हायचा.

एकदा पट्ट्यातल्या एका कड्याचं माप एकाएकी चढलं. सर उत्साहात आले, काहीतरी नवं हाती लागलं म्हणून. मी जाऊन पाहिलं तर कड्याच्या आत मुंग्यांची रांग आणि दुधातल्या शेवयांचे तुकडे. काकूंना विचारलं. त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या, "कुत्र्यानं सांडलं असंल." कुत्रं वाटीतून शेवया ओतत नाही एवढं मला कळत होतं. काही नवसबिवस असेल असं वाटून मी म्हटलं, "काकू, आत गोडधोड पडलं की आतले जीव खवळतात आणि माझा आकडा खोटा येतो. बाहेर कुठंही ठेवा." त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी आत काही सापडलं नाही. आज तो प्रसंग आठवला की जिवाला लागतं.

त्या पट्ट्याने सरांचं नाव झालं. त्याच्या मातीत कार्बन भरपूर निघाला, शेजारच्या कसलेल्या जमिनीच्या मानाने फारच. सर परिषदांमध्ये पडद्यावर दाखवायचे, ही कोरी जमीन आणि ही नांगरलेली, बघा आपण काय घालवलंय. लोक हळहळायचे. माझं नाव कुठल्या निबंधात पुढे आलं नाही, पण मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मापांची ती सलग ओळ माझी होती. अंगात ताप असताना, पुतण्याच्या हळदीच्या दिवशी, टाळेबंदीत पास काढून, मी ती कुठे तुटू दिली नव्हती. माझ्यामागे माझं म्हणून काही राहिलं तर ते हे, असं मी मनाशी धरलं होतं.

काकू गेल्या तेव्हा थंडी होती आणि कापसाची वेचणी चालू होती. सकाळी दत्ताचा फोन आला.

"म्याडम, आई गेली. झोपेतच. दुपारच्याला माती हाय, आपल्याच शेतात." तो जरा घुटमळला. "आबा म्हनले, म्याडमला सांग. ते तुमची कडी हायेत ना, तिथंच करायची हाय."

आमच्या भागात जमीनवाल्या घरांची ही रीत आहे. गावाला स्मशान असतं, पण ज्याला शेत आहे तो आपलं माणूस आपल्याच शेतात नेतो. हे मी ऐकून होते. आमच्या कड्यांचा त्याच्याशी कधी संबंध येईल असं मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

शहरात मुकुंदवाडीच्या माझ्या घरून निघताना मी सरांना फोन केला. ते खरोखर हळहळले, काकूंच्या हातची भाकरी त्यांनीही खाल्ली होती. मग म्हणाले, "तिथेच का पण? जरा पलीकडे सरकून नाही का होणार? नुसतं विचारून बघ. आग झाली तर सगळं संपलं. अशी जमीन पुन्हा मिळायची नाही." ते स्वार्थाने बोलत नव्हते. दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध त्या पट्ट्यावर उभे होते. आणि खरं सांगायचं तर सगळा रस्ता माझ्याही मनात तेच चाललं होतं, की विचारायला काय हरकत आहे.

बांधाजवळ ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. तिच्यात बाभळीची लाकडं आणि गोवऱ्या. माणसं जमली होती, पण एकही लाकूड खाली उतरवलेलं नव्हतं. काकूंचा धाकटा भाऊ संतापाने ओरडत होता.

"मढं दारात हाय आन् डबे काढायला शहरातून माणूस यायची वाट बघायची? फेका ते तिकडं!"

आबा उकिडवे बसले होते. वर न बघता म्हणाले, "हात लावायचा नाय."

मला पाहून ते उठले आणि बाजूला घेऊन गेले. "म्याडम, इथं जाळ झाला तर तुमचं समदं काम जातंय म्हणं. खरं हाय का?"

"खरं आहे, आबा."

"मंग तुम्ही सांगा. पैठणला गंगेवर न्हेऊ तिला. ट्रॉली काय, तिकडं बी जाती."

गंगा म्हणजे आमची गोदावरी. आपल्या बायकोला कुठे न्यायचं हे तो माणूस मला विचारत होता. मी फक्त हो म्हणायचं होतं, माझी मापांची ओळ वाचणार होती आणि कुणी मला दोषही दिला नसता. सरांनी सांगितलेला प्रश्न तोंडाशी आला होता. तो काही बाहेर पडेना. त्याच्याऐवजी मी विचारलं, "आबा, इथंच कामून?"

"इथंच असतंय आमचं," ते म्हणाले. "आज्जा इथं, आज्जी इथं. बाप बी. म्हून तर नांगर लावत नाय." मग बोरीकडे हात केला. "आन् तिची पोरगी हाय तिथं. दत्ताच्या आधीची. चालाय लागली व्हती. ताप आला आन् गेली. लहान लेकराला जाळत नायत, पुरली."

मी बोरीकडे पाहिलं.

"गया म्हणायची," आबा पुढे म्हणाले, "म्याडम येऊन बसत्यात तिच्यापाशी. कशी हाय ते सांगत्यात."

मी तिथेच बांधावर बसले. त्या पट्ट्याबद्दल आम्ही सगळं विचारलं होतं. नांगर, खत, युरिया, जनावरं. इथे का नांगरत नाही, हे एकदाही विचारलं नव्हतं. हवं ते उत्तर मिळालं आणि आम्ही तिथेच थांबलो. आबांनी काही लपवलं नव्हतं. शेतातला एखादा कोपरा का सोडलेला असतो, हे त्यांच्या मते कुणालाही माहीत असतं. ज्या घरात शेत असतं तिथे ते असतंही. सरांचं घर पुण्यातलं आणि माझं मुकुंदवाडीतलं.

माझ्या वडिलांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. दुसऱ्यांच्या रानात राबून आणि मग मालधक्क्यावर पोती वाहून त्यांनी मला बीएस्सी केलं. ते गेले तेव्हा आधीची चिता विझायची वाट बघत आम्ही शहराच्या स्मशानात ताटकळलो होतो. आपलं माणूस आपल्या जमिनीत ठेवता येणं म्हणजे काय, हे ज्यांना जमीन नव्हती त्यांना जरा जास्तच कळतं. मी सरांना फोन लावून म्हटलं, "कडी काढतेय." ते म्हणाले, "विचारलंस का?" मी म्हटलं, "विचारलं, सर. आल्यावर सांगते." आणि फोन बंद करून पिशवीत टाकला.

कडी सहजासहजी निघेनात. मारवेलाच्या मुळांनी ती घट्ट धरली होती. दत्ता टिकाव घेऊन आला, मी त्याला थांबवलं. बोरीजवळ टिकाव मारायची माझी हिंमत नव्हती. गुडघ्यांवर बसून मी खुरप्याने कडेकडेने मुळं कापायला लागले. थोड्या वेळाने समोर कुणीतरी येऊन बसलं आणि दुसऱ्या बाजूने खुरपं चालवू लागलं. पाहिलं तर काकूंचा भाऊ, मघाशी फेका म्हणणारा. शेवटच्या कड्यापर्यंत आम्ही दोघांनी मिळून मुळं कापली.

कडी निघाली तिथे मातीची ताजी कड दिसली. त्या काळ्या मातीत विटेच्या रंगाची भाजलेली ढेकळं होती, आणि बोटाने दाबली की चुरा होणारे कोळशाचे तुकडे. काळ्या जमिनीत लाल ढेकूळ आपोआप येत नाही. इथे जाळ झाला होता, पुष्कळ वेळा. जो कार्बन आम्ही न नांगरलेल्या जमिनीचा म्हणून मिरवत होतो, त्यातला कितीतरी चितेच्या लाकडांचा होता. म्हणजे आबांनी काकूंना पैठणला नेलं असतं, तरी माझी ती ओळ वाचणार नव्हतीच. ती पहिल्या दिवसापासूनच आम्ही समजत होतो तशी नव्हती.

बोरीजवळच्या कड्याची मापं नेहमी थोडी वर असायची, हेही मला तेव्हा आठवलं. ते त्या लेकरामुळे, असं म्हणायला मी तयार नाही. इतक्या वर्षांनी तसं काही उरत नाही, बोरीची मुळंच तिथे दाट असणार. मोजणाऱ्याने असले अर्थ काढायचे नसतात. पण काकूंना मी इतकी वर्षं ती मापं सांगत होते, आणि त्या ती ऐकून निश्चिंत होऊन कामाला जात होत्या. माझ्या आकड्यांचा एवढा उपयोग दुसऱ्या कुणालाच झाला नसेल.

बायका घरीच थांबल्या होत्या, म्हणून मीही निघाले. आबा म्हणाले, "तुम्ही असा." मग मी थांबले. दत्ताने अग्नी दिला. सवयीने मी वारा पाहिला आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन उभी राहिले. धूर सरळ अंगावर आला. मी रडले, आणि धुरामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या टेबलावर ती लाल ढेकळं ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी एक ढेकूळ हातात फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "आपण का नाही विचारलं?" जिथे जिथे 'कोरी जमीन' म्हणून छापून आलं होतं तिथे तिथे सरांनी स्वतःहून कळवलं की ती कोरी नव्हती. एका विद्यार्थ्याचा प्रबंध लांबला. तो माझ्याशी आजही बोलत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण मुलगा हुशार होता. एका बैठकीत कुणीतरी खवचटपणे म्हणालं, "तुम्ही म्हणे अभ्यासाला मसणवटा निवडला होता?" सर म्हणाले, "हो." त्या एका शब्दासाठी मी सरांना उरलेल्या नोकरीत कधी उलटून बोलले नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना हे किती अवघड होतं ते माहीत आहे.

तेराव्याला मी गेले. पंगती उठल्यावर आबा मला पट्ट्याकडे घेऊन आले. राख सावडून झाली होती. गवत जळून जमीन उघडी पडली होती, बोरीची एक बाजू करपली होती. काढलेली कडी आबांनी गोठ्यात एकावर एक नीट रचून वर पोतं टाकलं होतं.

"लई नुकसान झालं ना तुमचं?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. त्यांना म्हटलं, "झालं, आबा."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "आता माझाच नंबर हाय. माझी बी माती इथंच व्हायची. तवर जागा मोकळी हाय. बसवा परत."

मी करपलेल्या बोरीकडे बघत राहिले. ते पाहून त्यांना वाटलं असावं की मला शंका आहे. म्हणाले, "दत्ताला सांगून ठेवलंय. मी गेलो की पावण्यारावळ्यायला मागून सांग, आधी म्याडमला फोन लाव. कडी काढायला येळ लागतो त्यायला."

आम्ही कडी पुन्हा बसवली. सर म्हणाले, आता ही जमीन कोरी म्हणून वापरता येणार नाही, पण तिच्यावर काय काय झालं ते आपल्याला माहीत आहे, आणि अशी जमीनही अभ्यासाला लागते. जळलेल्या जागेतून पहिले काही महिने जवळजवळ काहीच येत नव्हतं. मी आबांना तसं सांगितलं. पुढच्या पावसात गवताचे कोंब आले आणि मापं हळूहळू चढायला लागली. तेही सांगितलं.

आता तिथे एक नवी मुलगी जाते. चांगली आहे, बाटली चुकवत नाही. पट्टा का नांगरलेला नाही ते मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. मापं तीच घेते, पण दत्ताकडे नंबर माझाच आहे. मागच्या महिन्यात लेकीने मला नवा फोन घेऊन दिला आणि म्हणाली, आई, कामाचे फोन आता बंद झाले, नंबरही नवा घेऊ या. मी नको म्हटलं.